सांगलीच्या मशीनवरच्या तिथी

संध्याकाळी पावणेसहा वाजले की मी अजून हातातलं पुस्तक खाली ठेवते. ठरवून नाही, हात आपोआप खाली येतो आणि मी थोडा वेळ काही न करता बसते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्या वेळेला आता मला कुणाचा फोन यायचा नाही. तरी ती सात वर्षांची सवय आहे, आणि ज्या माणसामुळे ती लागली त्याला मी उण्यापुऱ्या चार वेळा पाहिलं असेल. बाकी सगळं आवाजातच होतं.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात टेलिफोनच्या तांत्रिक कामावर होते. पोवई नाक्याच्या पुढे एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आमची खोली होती. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा एक कोपरा दिसे. खोलीतल्या मशीनच्या पडद्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एक्सचेंजची नावं ओळीनं असत. लोणंद, म्हसवड, पाटण, विटा, तासगाव, मिरज. कुठे काही बिघडलं, वीज गेली, लाइन तुटली, की त्या नावापुढे तांबडी खूण येई. या व्यवस्थेचं कागदावरचं नाव नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टिम, आम्ही नुसतं सिस्टिम म्हणायचो. कुठली लाइन कुठून कुठे जाते, कुठल्या कपाटात कुठलं कार्ड आहे, आधी काय काय बिघडलं होतं, ते सगळं तिच्यात होतं. इतकं सगळं एकाच मशीनमध्ये ठेवणं धोक्याचं, म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता त्याची एक नक्कल, एकच मोठी फाइल, फोनच्या लाइनवरून सांगलीला जाई. तिथे सव्वाशे किलोमीटरवर एक जुनं मशीन होतं. साताऱ्याची फाइल घ्यायची आणि सांभाळायची एवढंच त्याचं काम. रिमोट बॅकअप सर्व्हर. साताऱ्याचं मशीन गेलंच, तर सांगलीची नक्कल परत आणून सिस्टिम पुन्हा उभी करायची, असा हिशेब होता. तशी वेळ कधी आली नव्हती.

सांगलीच्या मशीनवर हवालदार असायचे. खरे हवालदार. सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर वीस वर्षं काढून ते खात्यात आलेले. तासगावकडच्या शेतकरी घरातले. हुद्दा बदलला तरी सगळे त्यांना हवालदारच म्हणत. मी हवालदारसाहेब म्हणायची आणि ते मला ताई म्हणायचे, मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असून.

फाइल पोचायला चाळीसेक मिनिटं लागत. पावणेसहाला दोन ऑफिसांमधला फोन वाजे. तो नंबर न फिरवता लागायचा, इकडे उचलला की तिकडे वाजणारा. मी फाइलच्या आकाराचे शेवटचे चार आकडे वाचायची. ते तिकडचे चार वाचायचे. दोन्ही सारखे आले की ते म्हणत, "जुळलं. कोई शक?" मी म्हणायची, "नाही." मग दोघं आपापल्या रजिस्टरात सही करायचो. पण फोन लगेच ठेवला जात नसे.

"ताई, आज काय हाय?"

"बुधवार."

"वार न्हवं. तिथी."

मला कधीच ठाऊक नसे.

"तुमी वाईच्या ना? घराघरात पंचांग तुमच्यात, आन तिथी ठावं न्हाई व्हय?"

"तिथीला रजा मिळत नाही, हवालदारसाहेब. तारखेला मिळते."

"शिकल्याली मानसं तारखंवर जगत्यात आन तारखंलाच मरत्यात," ते म्हणायचे आणि खोकल्यासारखं हसायचे. मग सांगायचे. आज तीज. आज एकादस, चहासुद्धा न्हाई आज. आज अवस. ईशान्येकडच्या जंगलात त्यांची तुकडी असताना त्यांच्या वडिलांची पत्रं येत, त्यांवर तारीख नसे, तिथी असे. पत्र महिन्यानं हातात पडे, तेव्हा ते पंचांग काढून बसत आणि गावात त्या दिवशी काय चाललं असेल ते बघत. तिथून ती सवय. हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, लाइनवर खरखर असताना, मधली दोन वाक्यं मला ऐकूच आली नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही.

तो काळ सगळीकडे नवी सॉफ्टवेअरं घालायचा होता. दोन हजार साल येणार, जुन्या सिस्टिमला ते वर्ष कळणार नाही, म्हणून साताऱ्याचं मशीन बदलायचं ठरलं. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर, कार्तिकात, नवं मशीन आणि नवी सिस्टिम आली. सांगलीचं जुनं मशीन बदलायचं पुढच्या टप्प्यात होतं. नक्कल ठेवायलाच आहे ते, घाई कसली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

नव्या सिस्टिममध्ये रोजच्या नकलेच्या फाइलला नाव कसं द्यायचं हे आपण ठरवू शकत होतो. जुन्या सिस्टिममध्ये नाव म्हणजे नुसती तारीख. मला ते ओबडधोबड वाटे. मी वाचनालयात वाढलेली. कार्डांच्या खणासारखी रचना मला आवडते, आधी मोठा वर्ग, मग लहान. म्हणून मी नाव ठरवलं: आधी गाव, मग केंद्र, मग तारीख. सातारा, मुख्य केंद्र, अमुक तारीख. फार नीटनेटकं दिसलं. कुणाला विचारायचं काही कारण मला वाटलं नाही.

सांगलीच्या जुन्या मशीनला फाइलच्या नावातली पहिली आठच रोमन अक्षरं ठेवता येत. पुढचं ते कापून टाकी. हे मला माहीत होतं, म्हणजे कधीतरी वाचलेलं होतं. पण गाव आणि केंद्र आधी घातलं की आठ अक्षरं तिथेच संपतात आणि तारीख कापली जाते, म्हणजे रोजच्या फाइलचं नाव तिकडे एकच होतं, म्हणजे आजची फाइल कालच्या फाइलवर बसते आणि कालची नाहीशी होते, हा पुढचा विचार मी केला नाही. आकार रोज जुळत होता. जुळणारच. आम्ही फक्त त्या दिवसाची फाइल जुळवत होतो.

नवी सिस्टिम सुरू झाली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी हवालदार म्हणाले, "ताई, तुमच्या फायलीची शेपटी हितं तुटतीया."

माझ्यापुढे त्या दिवशी कामांचा ढीग होता. मी म्हटलं, "आकार जुळतो ना?"

"आकार जुळतुया."

"मग झालं तर."

मग ते म्हणाले, "बरं. मी बघतो." आणि मग, नेहमीसारखं, "आज तीज हाय."

हे बोलणं मी विसरून गेले. ते पुढे कसं आठवलं ते सांगते.

पौषातल्या अमावास्येला पावणेसहाला फोन आला. आकडे जुळले. "आज अवस," ते म्हणाले. "ताई, उद्या मी नसंन. छातीत जळजळतंय सकाळधरनं. मिरजेला दाखवून येतो."

"आजच का जात नाही?"

"फाइल यायची हुती की."

मी म्हटलं, "जा आता तरी." ते म्हणाले, "जातो. उद्या जो कोण बसंल त्याला सांगा, फाइल आली की बाजूला काढून ठीव म्हणावं. त्याला ठावं नसंल."

मी हो म्हटलं. बाजूला काढून ठेव म्हणजे नीट ठेव, एवढंच मला वाटलं. ते मी कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, मिरजेच्या दवाखान्यात, ते गेले. मला दुपारी कळलं. संध्याकाळी फोन वाजला आणि मी दचकून उचलला. बदलीवर पाठवलेले एक गृहस्थ होते, मिरजेच्या एक्सचेंजमधले. त्यांनी चार आकडे वाचले. जुळले. "ठेवू का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी फोन कानालाच धरून होते. त्यांनी ठेवल्यावरही लाइन तुटत नसे, तिच्यात खरखर येत राही, लांब कुठेतरी पत्रा हलल्यासारखी. त्या आठवड्यात मी रोज ती ऐकत बसले. काय ऐकू येईल असं मला वाटत होतं ते सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी साताऱ्याच्या नव्या मशीनची डिस्क गेली. पडदा काळा झाला. दोन जिल्ह्यांत कुठे काय चाललंय ते कळेना. म्हसवडची लाइन तुटली होती, ते आम्हाला दीड दिवस माहीतच नव्हतं. शेवटी फोन बंद आहे हे सांगायला तिथला माणूस एसटीनं साताऱ्याला आला. "तुमी वरनं बघता म्हणं सगळं," तो जिन्यातूनच ओरडला. "काय बघता? डोंगूर?"

सांगलीची नक्कल मागवली. तिथे साताऱ्याची एकच फाइल होती, आदल्या दिवशीची. आणि ती अर्धवट निघाली. डिस्क जाता जाता पाठवलेली होती, आतून फुटकी. त्याआधीची? नाही. आठवड्याभराची एकही नाही. महिन्याची नाही.

पुण्याहून एक साहेब चौकशीला आले. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी एका दिवसात निष्कर्ष काढला: सांगली केंद्रावर बॅकअप सांभाळण्यात निष्काळजीपणा झाला आहे. बदलीवरच्या गृहस्थांना अकराच दिवस झालेले. त्यामुळे ठपका कुणाच्या सर्व्हिस बुकात जाणार हे उघड होतं. खात्यात माणूस मेला तरी त्याचं सर्व्हिस बुक काही दिवस जिवंत असतं. शेवटचा शेरा मारून ते बंद करतात.

हवालदारांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांबरोबर सांगलीला गेले. साहेबांच्या पिशवीत नव्या सिस्टिमच्या फ्लॉपी चकत्या होत्या. सांगलीचं मशीन कोरं करून त्यावर साताऱ्याशी मिळतीजुळती नवी सिस्टिम घालायची, म्हणजे पुढे असा घोळ नको. दुपारच्या जेवणानंतर ते काम सुरू करायचं होतं.

हवालदारांची खुर्ची मी पहिल्यांदाच नीट पाहिली. पाठीला घडी घातलेलं घोंगडं. टेबलावर जाड भिंगाचा चष्मा, कुणी उचललाच नव्हता. खणात पंचांग, निळी पेन्सिल, ओव्याची पुडी. मशीन चालूच होतं. साहेबांनी पडद्यावर फायलींची यादी आणली आणि मान हलवली.

"हे बघा, मॅडम. तुमची फाइल एक. आणि ह्या बाकीच्या बघा. के ए आर व्ही शून्य तीन. एम ए आर एस शून्य पाच. एम ए आर म्हणजे काय, मार्च? मार्च अजून यायचाय. पंचांगाचा काहीतरी प्रोग्रॅम ठेवला असणार यांनी ऑफिसच्या मशीनवर. पत्रिका बघायचे म्हणतात."

"तारखा काय आहेत फायलींच्या?" मी विचारलं.

"तारखा!" ते हसले. "निम्म्या फायली एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीच्या आहेत, बाकीच्या त्याच्या पुढच्या एक-दोन दिवसांच्या."

मशीनच्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती. सांगलीत वीज गेली की ते घड्याळ मागे जाऊन ऐंशी सालच्या पहिल्या दिवसावर उभं राही. नव्या बॅटरीसाठी हवालदारांनी केलेल्या अर्जाची नक्कल भिंतीवर टाचलेली होती. त्या अर्जावर तारीख होती, आणि खाली लहान अक्षरात, आश्विन वद्य द्वितीया.

मी बाहेर जाते म्हणाले. ऑफिसच्या मागे क्वार्टर्स होत्या. हवालदारांच्या पत्नी दारातच बसल्या होत्या, समोर बांधून ठेवलेली दोन गाठोडी, क्वार्टर सोडायची म्हणून. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. फोन कधीतरी त्यांनी उचलला होता.

"साताऱ्याच्या ताई न्हवं? या. पाणी घ्या." मग त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी घातलेला कागद काढला. चौकशीच्या नोटिशीची नक्कल. "ह्यो शब्द कुठला हो? मला चौथीपतूर येतंय वाचाया."

मी वाचून दाखवला.

"निष्काळजी," त्या म्हणाल्या. "म्हंजे ज्याला काळजी न्हाई त्यो? आवं ताई, जेवता जेवता उठायचे, वीज गेली म्हणून. ऐतवारी गावाकडं येत न्हवते, का तर फाइल यायची. त्या दिशी दुपारीच म्हनलं चला मिरजेला, तर म्हने आधी साताऱ्याची फाइल येऊ दे, बाजूला काढतो आन जाऊ. बाजूला काढल्याशिवाय काय हालले न्हाईत." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "आता ह्ये लिवून बंद करनार. त्यांच्यावर बोट कवा कुणी ठिवलं न्हवतं. फौजेत न्हाई, भावकीत न्हाई."

बाजूला काढतो. दुसऱ्यांदा तो शब्द. मला त्या क्षणी ती कार्तिकातली संध्याकाळ आठवली, शेपटी तुटतीया, आणि माझं मग झालं तर, आणि त्यांचं मी बघतो. मी ग्लास तसाच ठेवला आणि परत गेले. साहेब डबा उघडत होते.

"साहेब, एम ए आर म्हणजे मार्गशीर्ष आहे," मी म्हटलं. "के ए आर कार्तिक. पी ए यू पौष. एस म्हणजे शुद्ध, व्ही म्हणजे वद्य. पुढचा आकडा तिथी."

"बरं, मग?"

"ह्या साताऱ्याच्या फायली आहेत. रोज संध्याकाळी आमची आली की तिला नवं नाव देऊन ते बाजूला काढत होते. नाही तर दुसऱ्या दिवशीची तिच्यावर बसली असती. मशीनच्या तारखेवर भरवसा नव्हता, म्हणून तिथी घातली."

त्यांनी चपातीचा तुकडा तसाच हातात धरला. विश्वास बसला असं दिसलं नाही, पण माणूस सरळ होता. "एक उघडून बघू," ते म्हणाले. त्या फायली सांगलीत उघडणं शक्य नव्हतं, साताऱ्याच्या नव्या सिस्टिमलाच त्या कळत. साताऱ्याला त्याच सकाळी नवी डिस्क बसवली होती. पौष वद्य तीस, म्हणजे अमावास्या, पंचांगात ती तीस आकड्यानं लिहितात. ती फाइल आम्ही लाइनवरून उलटी साताऱ्याला पाठवली. तिकडच्या सहकाऱ्याला तिचं लांब नाव सांगितलं, नव्या सिस्टिमला हवं तसं, गाव आधी. चाळीस मिनिटांनी फोन आला. उघडली. पूर्ण आहे. कुठे काही कमी नाही.

साहेबांनी डबा बंद केला. मग ते यादीवर बोट फिरवत बसले, आणि मला वाटलं आता सुटलो, तेवढ्यात म्हणाले, "पण सलग नाहीत, मॅडम. मार्गशीर्ष वद्य दशमी नाही. पौष शुद्धात अष्टमी नाही. दोन दिवस चुकलेत. निष्काळजीपणा नाही म्हणता येईल, पण अनियमितपणा म्हणावाच लागेल."

दोन दिवस. मला माझ्या रजिस्टरातलं आठवत होतं, सही नसलेला एकही दिवस नव्हता. रविवारी मी नसे, दुसरं कुणी साताऱ्याहून आकडे वाची. पण सांगलीकडून नेहमी तेच असत. मी खणातलं पंचांग काढलं. ज्या पानांवर मी आयुष्यात कधी नजर टाकली नव्हती ती पानं, बारीक टाइपाची, आकड्यांच्या रांगा. मार्गशीर्ष वद्य. नवमी शुक्रवारी. शनिवारी एकादशी. मधे, शुक्रवारच्याच ओळीत दशमीपुढे लिहिलं होतं, क्षय. आणि त्या शब्दाखाली निळ्या पेन्सिलीची बारीक रेघ.

मला वाईतल्या घरी लहानपणी ऐकलेलं अंधुक आठवलं. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्य उगवल्यावर सुरू होते आणि पुढचा उगवायच्या आत संपते. तिला दिवसच मिळत नाही. तिला क्षय तिथी म्हणतात. पौष शुद्ध अष्टमीही तशीच निघाली. आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमी दोन दिवस होती, दोन सूर्योदय तिच्या वाट्याला आलेले. यादीत पाहिलं. एम ए आर एस शून्य पाच, आणि त्याखाली तेच नाव, शेवटी एक बी लावलेलं.

आम्ही दोघांनी पहिल्या फाइलपासून मोजलं, ते कॅलेंडरवर तारखा, मी यादीत फायली. दिवस बहात्तर. फायली बहात्तर. शेवटची अमावास्येची, आणि तिच्यानंतर काही नाही.

"म्हणजे चुकलेल्या दिवशी दिवसच नव्हता," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी पंचांग माझ्या हातातून घेतलं, पुन्हा पाहिलं, मग परत दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग प्रश्न उरतो, नाव बदलायची पाळी यांच्यावर का आली."

"ते नाव मी ठरवलं होतं," मी म्हटलं. "आणि त्यांनी मला सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी. मी ऐकलं नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. "मॅडम, हे लिहायलाच हवं असं नाही. दोन मशीनचं जुळत नव्हतं, एवढं लिहिलं तरी भागतं. त्यांचा शेरा मी काढतो. गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? तुमची नोकरी अजून बरीच आहे."

हे त्यांनी चांगुलपणानंच म्हटलं. आणि मी लगेच नाही म्हटलं नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे. मी खिडकीपाशी उभी राहिले. मागच्या क्वार्टरच्या दारात ती दोन गाठोडी दिसत होती. नुसतं मशीनचं जुळत नव्हतं असं लिहिलं, तर हवालदारांनी काही चूक केली नाही एवढंच कागदावर राहणार होतं. त्यांनी पाहिलं होतं, सांगितलं होतं, आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर अडीच महिने रोज स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं होतं, हे कुठेच राहणार नव्हतं. ते फक्त मला ठाऊक असणार होतं, आणि रोज पावणेसहाला ते माझ्यापाशी येणार होतं.

मी हवालदारांच्याच खुर्चीत बसून जबाब लिहिला. दीड पान झालं. शेपटीचं वाक्य त्यांच्याच शब्दांत घातलं. साहेबांनी वाचून सही केली आणि कोरं करायच्या आधी सगळ्या बहात्तर फायली टेपवर उतरवून घ्यायला सांगितल्या. निघताना मी मागच्या दारी जाऊन हवालदारांच्या पत्नींना सांगितलं की तो शब्द निघणार. चूक माझी होती, हेही सांगितलं.

"तुमची?" त्या म्हणाल्या. "मग त्यांनी तुमास्नी बोल कसा न्हाई लावला कवा घरात? म्हनायचे, साताऱ्याची ताई लय हुशार, पर तिला दिस कळत न्हाई."

पंचांग त्यांनी मला दिलं. मला नको म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात त्या फाइलवरून सिस्टिम उभी केली. नावं ओळीनं परत आली, लोणंद, म्हसवड, पाटण. पण ती त्या अमावास्येच्या संध्याकाळी पाच वाजताची होती. पाटणपुढे तांबडी खूण होती, तो बिघाड कधीच दुरुस्त झाला होता. विट्यात वीज नव्हती, प्रत्यक्षात होती. जुने बिघाड एकेक करून आम्ही पुसत गेलो. पडद्याच्या तळाशी केंद्रांवर कोण कामावर आहे त्याची ओळ असते. सांगली केंद्र, हवालदारांचा हुद्दा, त्यांचा क्रमांक, आणि पुढे हिरव्या अक्षरांत: हजर.

त्यात चमत्कार काही नव्हता. नक्कल निघते त्या क्षणी जो कामावर असेल तो नकलेत कामावरच राहतो. मला हे तंत्र पाठ होतं. तरी मी खोलीतल्या दुसऱ्या सहकाऱ्याला काहीतरी कारण काढून खाली पाठवलं आणि पडद्यासमोर बसून राहिले. छातीत कळ येत असताना फाइलची वाट बघत बसलेला तो माणूस तिथे हजर होता, आणि अजून मिरजेला निघाला नव्हता.

सांगलीहून फोन आला. बदलीवरचे गृहस्थ. "मॅडम, मला आत घेत नाही सिस्टिम. म्हणते, आधीचं माणूस आहे."

एका केंद्रावर एकच माणूस कामावर राहू शके. आधीचं काढावं लागे. मी म्हटलं, "थोडं थांबा." ते काम एका कळीचं होतं. मी पावणेसहापर्यंत थांबले. तेवढा वेळ सांगलीचं केंद्र माणसावाचून होतं, त्याची नोंद कुठेही नाही. मग कळ दाबली. सिस्टिमनं कारण विचारलं: बदली, रजा, निवृत्ती, इतर. मी इतर निवडलं. मग तिनं दिवस विचारला. तारखेचीच जागा होती. मी तारीख घातली.

माझ्या सर्व्हिस बुकात शेरा आला. बढती दोन वर्षं लांबली. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, आणि बरंही वाटलं नाही. हवालदारांचं सर्व्हिस बुक शेऱ्याशिवाय बंद झालं. त्याची नक्कल मी स्वतः तासगावकडे त्यांच्या गावी नेऊन दिली. त्यांच्या पत्नीनं ती वाचून घेतली, सगळं पान, एकेक शब्दावर बोट ठेवून.

ते ज्या सकाळी गेले ती माघ शुद्ध प्रतिपदा होती. तारीख मला आता पटकन आठवत नाही, तिथी आठवते. दर वर्षी नवं पंचांग आणलं की मी आधी ते पान काढते आणि त्या दिवशी गावी फोन लावते. एका वर्षी पान काढलं आणि बघतच राहिले. अमावास्या, मग थेट द्वितीया. प्रतिपदा क्षय. त्या वर्षी तो दिवसच नव्हता. मी दोनदा पान उलटून पाहिलं, आणि मग आदल्या दिवशीच, अमावास्येलाच, फोन केला.

"औंदा त्यांचा दिस न्हाई म्हणून घाबरलात व्हय?" त्या म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि बायकांचा. "गुरुजींनी सांगितलंय. अवसंच्याच पोटात हाय ती, दुपारची लागती. आजच पानं मांडलीत. आता वाढायलोय बगा."

मी घड्याळ पाहिलं, दुपार झाली होती, प्रतिपदा लागलेली असणार. मग त्यांना म्हटलं, वाढा तुम्ही, मी ठेवते. पण त्यांनीही फोन ठेवला नाही, तो तसाच कुठेतरी चौकटीवर टेकवला असावा. पंगत उठेपर्यंत मी ऐकत होते.